साईट खराब आहे

भाऊ, परवा तुझी तेरवी झाली. पंगतीत जो बसेल तो मला एकच वाक्य ऐकवत होता, वेळ भरली होती बिचाऱ्याची. दोघातिघांचं मी मुकाट ऐकून घेतलं. मग समुद्रपूरचे आपले मावसाजी पत्रावळीवर भात कालवता कालवता तेच म्हणाले, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, 'वेळ नाई भरली मावसाजी, मोतीबिंदू पिकलता.' त्यांचा घास हातातच राहिला. वहिनीनं मला दंडाला धरून आत नेलं आणि म्हणाली, 'बेबीताई, आज नका ना.' मी गप्प बसले, पण तिच्यासाठी बसले, तुझ्यासाठी नाही.

मला तुझा राग आला आहे. रडू येतं तेही रागानंच येतं. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन. तुझ्यात चांगलं पुष्कळ होतं आणि ते कुठं पळून जात नाही. आधी मला एक गोष्ट कळली पाहिजे. तुझे डोळे गेले होते हे तुला माहीत होतं का? माहीत नव्हतं, तर तू बह्याड, निव्वळ खुळा होतास, आणि बह्याडपणाला माफी असते. माहीत होतं आणि तरी दिवेलागणीला मोटरसायकल काढलीस, तर आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. तू गेलास म्हणून मी ते मिटवणारही नाही.

भांडण माशीपासून सुरू झालं. बाबांच्या त्या पॉइंट टू-टू रायफलीच्या नळीच्या टोकाशी जो बारीक उभा दाणा आहे त्याला माशी म्हणतात, हे आपल्याला बाबांनीच शिकवलं. मागच्या खाचेत माशी बसवायची, माशीवर डबा बसवायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि मग घोडा ओढायचा. वांग्याच्या वावराच्या बांधावर रंगाचे रिकामे डबे मांडून आपण दोघं शिकलो. नेम माझा चांगला होता. बाबा हे चारचौघांत म्हणायचे, आणि बाबा गेल्यावर परवाना तुझ्या नावावर झाला. मी लग्न होऊन वर्ध्याजवळ सिंदी मेघेला आले, सुया, दोरे, बटणं विकायचं दुकान टाकलं. तू जामच्या अलीकडं आपल्या गावात भाजी पिकवत राहिलास, आणि दर रविवारी वर्ध्याच्या बाजारात भाजी उतरवून झाली की रायफल घेऊन क्लबच्या रेंजवर यायचास. रेंज म्हणजे काय, मुरमाच्या जुन्या खाणीतली पन्नास मीटरची पट्टी. पण तिथं गेलं की आपण दोघंही बारा-तेरा वर्षांचे व्हायचो.

एका रविवारी नेम चुकला तेव्हा तू रायफल खाली ठेवून माशीकडे असं पाहिलंस, जसं काही तिनंच दगा दिला.

'बेबे, माशी झिजली वं.'

'लोखंड असं झिजते का भाऊ?'

'बाबाच्या जमान्यापासून पुसून राह्यलो मी तिले. झिजन नाई तं काय?'

माझ्या दुकानात हे रोज चालतं. पन्नाशीला आलेली बाई सुई उजेडाकडे धरते, लांब नेते, जवळ आणते आणि म्हणते, 'आजकाल कंपनीवाले नेढे लय लहान करून राह्यले.' मी वाद घालत नाही. दोरा ओवायची ती तारेची पट्टी मिळते ना, ती सुईसोबत पुडीत टाकून देते. बाई घरी जाते, ओवते, दोन महिन्यांत चष्मा करते आणि मग मला येऊन सांगते की चष्मा कसा स्वस्तात झाला. बायका कबूल करतात भाऊ. थोडा वेळ लावतात, पण करतात. तुला मी कोणती पट्टी देणार होते?

तुझी पट्टी तूच शोधून काढलीस. नागपूरहून आलेल्या एका शूटरच्या रायफलीवर तू रेड डॉट पाहिलास आणि त्या दिवसापासून तुझ्या तोंडी दुसरा विषय नव्हता. खाच नको, माशी नको. एक काच, तिच्यात एक लाल टिपका, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे आणि टिपका जिथं टेकेल तिथं गोळी. सांगताना तुझा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. 'तूच पाहून दे' म्हणालास, कारण मोबाईलवर माल पाहायची, पारखायची, परत करायची सवय आपल्या घरात मलाच. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. त्या सगळ्या दुपारी मी तुझ्या टिपक्याच्या मागं घालवल्या.

त्यावरही तू भांडलास. तुला फौजेतल्यासारखी जाडजूड, महागडी साईट पाहिजे होती. मी सांगितलं की आपली टू-टू आहे, तिचा धक्का शिलाई मशीनपेक्षा जास्त नाही. मोठ्या रायफलीवर हलकी साईट बसवली की दर गोळीला तिचा झिरो, म्हणजे जुळवून ठेवलेला नेम, सरकतो, तिथं महाग घ्यावी लागते. आपल्याला परवडणारी चालते, फक्त चार गोष्टी पाहून घ्यायच्या. रायफलीच्या पाठीवरची जुनी अरुंद खाच आणि साईटचा रुंद पाय यांच्यामध्ये जोडपट्टी लागेल, ती सोबत आहे का. उजेड कमी करायचं बटण खरंच खालपर्यंत जातं का, कारण स्वस्त साईटी पेटतात झकास, मंद होत नाहीत. हलवून, ठोकून पुन्हा लावली तर गोळी त्याच जागी जाते का. आणि टिपका केवढा.

टिपक्यावर तर आपलं पूर्ण एक रविवारचं जेवण गेलं. तीन नंबरचा टिपका पन्नास मीटरवर लिंबाएवढी जागा झाकतो, सहाचा मोसंबीएवढी. तू म्हणालास मोसंबी पाहिजे. मी म्हटलं, 'मोसंबीनं टार्गेटच झाकून घेशीन तं मारशीन काय?' तू हट्टाला पेटलास. वहिनी वाढता वाढता म्हणाली, 'लिंबू घ्या का मोसंबी घ्या, पोळी थंडी होऊन राह्यली.' मी तेव्हा हसले. आज कळतं, तुला मोसंबी का पाहिजे होती. लिंबू तुला दिसतच नव्हतं.

मी लिंबू मागवलं. उघड्या काचेची, छोटी, हलकी साईट. रेंजवर मी स्वतः ती बसवली, पाना माझ्या हातात होता. तू खांद्याला रायफल लावलीस, काचेतून पाहिलंस आणि लगेच खाली ठेवलीस.

'हा डॉट नाई. हे तिखट सांडलं.'

मी पाहिलं. गोल होता. रेंजवरचे मास्तर, जे उभ्या जन्मात तुला एकही उलट शब्द बोलले नाहीत, त्यांनी पाहिलं. ते म्हणाले, 'गोल हाय ना भाऊसाहेब.' तू आमच्या दोघांकडं असं पाहिलंस जसं आमचं काही साटंलोटं आहे. मी म्हटलं, उजेड कमी कर, उजेड जास्त ठेवला की टिपका पसरतो. तू बटण उलट पुढच्या आकड्यावर नेलंस. म्हणालास, उन्हात दिसत नाही. कमी केला तर दिसत नाही, वाढवला तर फुटतो. एवढं स्वतःच्या तोंडानं बोलून, तू त्यावर काय निदान केलंस? 'माल बोगस हाय. चायना.'

ती मी परत केली. दुसरी घेतली, नळीची, काच आत असलेली, थोडी वजनदार. तू पाहिलंस आणि म्हणालास, 'आता चिचेचा आकडा दिसून राह्यला.' चिंचेचा आकडा. वाकडा, शेंगेसारखा. भाऊ, मला तेव्हा कळलं होतं. यात काही हुशारी नाही, इंटरनेटवर पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की टिपका वेडावाकडा दिसला तर साईटला दोष देण्याआधी मोबाईलनं काचेतून फोटो काढून पाहा. फोटोत गोल आला तर साईट चांगली, खोट डोळ्यात. मी तिथंच फोटो काढला. टिकलीसारखा गोल टिपका. तुझ्या डोळ्यांसमोर धरला.

'पाह्य. मोबाईलले गोल दिसते.'

'मोबाईलवाले आन साईटवाले एकच हायेत वं. दोन्ही चायना.'

'भाऊ, डोळे दाखवून घे.'

'माह्या डोळ्याले काय झालं? सकाळी अंधारात कोथिंबीर काढतो मी.'

'कोथिंबीर हातानं काढतो तू, डोळ्यानं नाई.'

तू रागावलास. रायफल पिशवीत घातलीस आणि माझ्याशी न बोलता निघून गेलास. दुसऱ्या दिवशी मी तो फोटो तुला पाठवला. तू उत्तर म्हणून कोबीच्या गड्ड्याचा फोटो पाठवलास, खाली लिहिलंस, हा पण गोल हाय. मी दुकानात एकटीच हसले आणि मग मला इतका संताप आला की मी दिवसभर तुझा फोन उचलला नाही.

हे असंच चालत आलं. माशी झिजली, डॉट बोगस, आणि नंतर नवीन गाड्यांचे दिवे. 'आजकालचे लाईट लोकाईले आंधळे करतेत,' असं तू किती जणांना सांगितलंस कोण जाणे, कारण मयतीला आलेले चार लोक तेच बोलत होते. जगातल्या प्रत्येक वस्तूत तुला खोट सापडली. खोट नव्हती ती फक्त तुझ्यात.

आता त्या कॅम्पाचं. जामला नेत्रतपासणी शिबिर होतं, वहिनीनं ढकलून ढकलून तुला नेलं. ती बायकांच्या रांगेत, तू पुरुषांच्या. पिशवीत ती नळीची साईट होती, कारण जामहून ती कुरियरनं परत पाठवायची असं आपलं ठरलं होतं. संध्याकाळी तू मला फोन केलास. आवाजात लग्नघरातला आनंद.

'बेबे, मी सांगतलं नवतं? कॅम्पातल्या बाईनंबी सांगतलं. साईट खराब हाय.'

मी हसले. पोट धरून हसले. मला वाटलं, हा आता स्वतःवरच विनोद करतो आहे, म्हणजे कबूल झाला. आपल्याकडं डोळ्यांच्या नजरेलाही साईटच म्हणतात, चष्म्याच्या दुकानात, कॅम्पात, शाळेत, सगळीकडं. साईट वीक आहे, साईट गेली. मी म्हटलं, 'मंग आता साईट बदलून घे.' तू म्हणालास, 'घेतो ना.' फोन ठेवला. त्या दोन शब्दांत तू कोणत्या साईटबद्दल बोललास हे मला तेरवीपर्यंत कळलं नव्हतं, आणि तेच मला झोपू देत नव्हतं.

तुझ्या पाचव्या दिवशी गावातली आशाताई भेटायला आली. कॅम्पात ती डोळे तपासणाऱ्या बाईच्या मदतीला उभी होती. मी तिला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, 'बाईनं टॉर्च मारला आन मले म्हने, मोतीबिंदू हाय, दोन्ही डोळ्यात, उजवा तं पिकला. भाऊले म्हने, काका, तुमची साईट खराब झाली आहे, वर्ध्याला दाखवा, ऑपरेशननं बरं होतं. पन भाऊ तवा पिशवीतून थे नळी काढून राह्यले होते. म्हने, होय ना म्याडम, हे पाहा, हेच खराब हाय.' मी विचारलं, बाईनं त्या नळीतून पाहिलं का? 'पाह्यलं ना. म्हने मला तर गोल दिसतो.' मग तो काय म्हणाला? 'नळी पिशवीत ठेवली आन हसले. तेईनं ऐकलं का नाई ऐकलं, हे मले नाई सांगता येत ताई.'

हसलास. यावर मी काय समजू? तुझं हसणं मला पाठ आहे. पकडला गेलास की तू हसायचास आणि काहीच समजलं नाही तरीही तू तसाच हसायचास. लहानपणी बाबांच्या शाळामास्तर मित्रानं पाढे विचारले तेव्हाही हसला होतास, तो पाढा तुला येत होता का नव्हता ते आजही कुणाला माहीत नाही.

चांगलं बोलेन म्हटलं होतं, तर ऐक. मी लग्नानंतर पहिल्यांदा रेंजवर जायचं म्हटलं तेव्हा माझ्या सासऱ्यांचा चेहरा पडला होता. घरची सून छर्ऱ्याची बंदूक घेऊन नेम धरायला पालथी पडणार, लोक काय म्हणतील. तू भाजीची टोपली त्यांच्या ओट्यावर ठेवलीस आणि दुकानातल्या स्टुलावर जाऊन बसलास. दिवसभर. चहा पीत, गिऱ्हाईकांना बटणं दाखवत. दुपारी सासरे म्हणाले, आता जेवायला तरी चला. तू म्हणालास, 'काकाजी, सहा दिवस सुया विकते थे. एक दिवस छर्रे मारू द्या, मंग जेवतो.' ते हसले आणि तुझ्यासाठी पान वाढायला सांगितलं. त्या दिवसापासून रविवारची सकाळ माझी झाली. माझ्याकडं परवाना नाही, रायफल नाही, क्लबच्या बंदुकीवर मास्तरांच्या समोर मारते, पण मारते. हे तू केलंस, दुसऱ्या कुणी केलं नसतं. माझं टार्गेट तू असं हातात घ्यायचास जसं काही ते माझं प्रगतिपुस्तक. भोकाला भोक चिकटलेलं दिसलं की मास्तरांना हाक मारून दाखवायचास.

अलीकडं मात्र तू टार्गेट हातात घेऊन म्हणायचास, 'सांग ना वं, कुठं कुठं लागलं?' मला वाटायचं लाडानं विचारतोस. मी बोट ठेवून ठेवून सांगायचे, तू मान हलवायचास. तू माझ्या बोटाकडं पाहत होतास, भाऊ. भोकं तुला दिसतच नव्हती.

तुझं मरण मी सारखं सारखं डोळ्यांसमोर आणते आणि प्रत्येक वेळी कुणावर तरी ओरडते. समुद्रपूरहून तू परत येत होतास. दिवस मावळलेला, अंधार पुरता पडलेला नाही. जामच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला कापसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा नाही, चमकपट्टी नाही. समोरून ट्रक आला. ट्रॉलीवाल्यावर केस झाली आहे, आणि व्हायलाच पाहिजे, त्याला मी सोडणार नाही. पण तुझ्या मागून एक दूधवाला येत होता. तुला पहिलं उचललं ते त्यानंच. तो घरी येऊन वहिनीच्या पाया पडला आणि बाहेर ओट्यावर मला म्हणाला, 'ताई, ट्रॉली दिसत होती हो. मले तं लांबूनच दिसली. मी म्हनलं हे आता बाजूले घेतीन, आता घेतीन.' त्याच्यासमोर मला तुझी लाज वाटली. मेलेल्या भावाची लाज वाटते, हे किती वाईट आहे हे तुला कळतं का?

पंधरा मिनिटांचं ऑपरेशन असतं म्हणतात. माझ्या दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्या सकाळी जातात आणि दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून भाजी निवडतात. त्यांना भीती वाटत नाही आणि तुला वाटली? तू रानडुकरांच्या मागं एकटा वावरात जायचास. का तुझं असं होतं की ज्याचा नेम गेला तो बाबांचा मुलगा राहत नाही? कोणी सांगितलं होतं तुला असं? बाबा स्वतः शेवटी भाकरीचा तुकडा चाचपून शोधायचे, आणि आपण दोघं त्यांना कधी हसलो नाही.

तेरवीच्या आधी वहिनी म्हणाली, रायफल घरात ठेवायला मला भीती वाटते. परवानाधारक गेला की ती ठाण्यात जमा करावीच लागते. मी तुझ्या जागी उभी राहून ती जमा केली. पिशवीतून काढून टेबलावर रायफल ठेवली तेव्हा ठाण्यातल्या जमादारांनी वरच्या नळीवर बोट ठेवून विचारलं, 'हे दुर्बीण बी जमा करता का?' मी म्हटलं, 'दुर्बीण नाही ती, तिच्यातून काही मोठं दिसत नाही.' आणि ते बोलून होईपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी कशाकडं पाहते आहे. ती साईट तू परत पाठवलीच नव्हती. कॅम्पातून येऊन तू ती पुन्हा रायफलीवर चढवली होतीस. मी पाना मागितला आणि ती उतरवली. स्क्रू पूर्ण आवळलेले, जोडपट्टी सरळ बसवलेली. उजेडाचं बटण शेवटच्या आकड्यावर होतं आणि सेल मरून गेला होता.

जी साईट खराब आहे असं तू मला आनंदानं फोनवर सांगितलंस, ती तू इतक्या निगुतीनं परत का बसवलीस? खराब वस्तू तू घरात ठेवणाऱ्यातला नव्हतास. बियाण्याचं एक पाकीट हलकं निघालं तर दुकानदाराच्या छातीवर नेऊन टाकायचास. ठाण्याच्या पायरीवर बसून मी हाच हिशोब मांडत राहिले, आणि तरी मनाचा एक कोपरा म्हणत होता, आळस केला असेल, कुरियरवाल्याकडं जाणं झालं नसेल. तू बह्याड असावास अशी माझी इतकी इच्छा होती.

तेरवीचे पाहुणे पांगल्यावर मागच्या अंगणात वहिनी पंगतीचे गंज, म्हणजे मोठी पातेली, घासायला बसली आणि मी विसळायला. ऊन कलतं झालं होतं. मला राहवलं नाही.

'वहिनी, भाऊले कमी दिसत होतं, हे तुले माहीत होतं का?'

'नाई वं ताई. माहीत असतं तं जाऊ देलं असतं का?' ती घासत राहिली. मग हात थांबला. 'एक गोष्ट हाय पन. दिवाळीपासून मले संध्याकाळी गाडीवर बसवत नवते.'

'म्हणजे?'

'माह्या मायच्या आजारपनात समुद्रपूरले जानं-येनं चालू होतं ना. जातानी गाडीवर नेत. येतानी दिवस बुडाला का मले एसटीत बसवून देत. म्हनत, थंडी हाय, तू बसमंदी जाय. मी मांगची सीट धरो. वाकून पाहो तं हे मांगंच. बस थांबली का थांबत, निंघाली का निंघत. घरापावतर बसच्या मांगं मांगं. एखांद्या दिवशी बस नाई भेटली तं मायच्या इथंच राहू देत मले.' तिनं राखेचा हात गालाला लावला आणि तिथं काळं उमटलं. 'मले वाटे, जीव हाय माह्यावर, म्हून येतेत मांगं.'

'आन त्या दिवशी?'

'त्या दिवशी मी घरीच होती ना ताई. मी कुठी गेलती?'

मी गंज विसळत राहिले. तिला मी काही बोलले नाही आणि बोलणारही नाही. तुझा तिच्यावर जीव होता हे खोटं नाही, आणि बसमधली ती मागची सीट तिच्याकडं तशीच राहू दे. पण मी हिशोब केला भाऊ. बस पुढं असली की तिच्या मागच्या दिव्यांच्या आधारानं तुला रस्ता सापडत होता. म्हणजे तुला माहीत होतं. कॅम्पातल्या बाईनं कोणती साईट म्हटलं ते तुला पहिल्या झटक्यात कळलं होतं, त्याच्याही आधी कळलं होतं. तुला इतकं नेमकं माहीत होतं की अंधार पडताना आपल्या मागं कुणाला बसवू नये, हे तू ठरवलं होतंस आणि एकदाही मोडलं नाहीस. त्याबद्दल तुझे उपकार मानते. वहिनी परवा अंगणात बसून राखेनं गंज घासत होती ती तुझ्या त्या शहाणपणामुळं, हे मी विसरणार नाही.

मात्र मी तुझी बायको नाही, बहीण आहे, आणि एवढ्यावर माझं समाधान होत नाही. आतापर्यंत शुद्ध लिहिलं, हे शेवटचं आपल्या बोलीत विचारते. तुह्या बायकोले त्या गाडीवर बसवत नवता तू, मंग माह्या भावाले काऊन बसवलं?